निवडणारा कोण आणि निवडला जाणारा कोण?

शिक्षणविषयक चर्चेत 'निवड' या शब्दाला अलीकडे भलतीच प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. पालकांना शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य असावे, सरकारने स्वतः शाळा चालवण्याऐवजी प्रत्येक मुलाच्या नावे ठरावीक रक्कम द्यावी, पालकांनी ती हव्या त्या शाळेकडे न्यावी आणि ज्या शाळेकडे कोणी फिरकणार नाही ती आपोआप बंद पडावी, असा हा विचार आहे. तो मांडणारे सगळेच धनिकांचे वकील असतात असे नाही. सरकारी शाळेच्या दुरवस्थेने खरोखर व्यथित झालेली माणसेही तो मांडतात, आणि म्हणूनच त्याचा प्रतिवाद गांभीर्याने करावा लागतो. मराठीचे अध्यापक म्हणून आम्ही तो येथे करू इच्छितो. शिक्षणशास्त्र किंवा अर्थशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे हे आम्ही जाणतो. परंतु ज्या शब्दाच्या बळावर एवढा मोठा व्यवहार उभा राहतो आहे, त्या शब्दाची झडती घेणे तरी आमच्या प्रांतात निश्चित येते.

मराठीत 'निवडणे' या क्रियापदाचा सर्वांत जुना आणि घरगुती संबंध धान्याशी आहे. तांदूळ निवडायला घेतात तेव्हा सुपात दोन ढीग होतात. एक शिजवण्याचा, दुसरा टाकण्याचा. निवड म्हणजे केवळ घेणे नव्हे. घेण्याबरोबर टाकणेही त्यात अटळपणे येते. बाजारात साडी निवडणाऱ्या ग्राहकाला न निवडलेल्या साडीचे काय होते याची चिंता करण्याचे कारण नसते. शाळेच्या बाबतीत मात्र न निवडलेल्या शाळेतही मुले बसलेली असतात. दुसरे असे की, साडी गिऱ्हाइकाला निवडत नाही. शाळा मात्र मुलाला निवडू शकते, आणि जिथे संधी मिळते तिथे ती निवडतेच. 'शाळा-निवड' या जोडशब्दाचा विग्रह 'पालकाने केलेली शाळेची निवड' असा आपल्याला सांगितला जातो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा 'शाळेने केलेली मुलांची निवड' असा सोडवावा लागतो. आमचा सगळा आक्षेप या एका विग्रहाभोवती आहे.

या विचाराचा आधुनिक उगम मिल्टन फ्रीडमन यांच्या १९५५ सालच्या निबंधात शोधला जातो. सरकारने शिक्षणाचा खर्च द्यावा, पण शाळा चालवण्याचे काम सोडून द्यावे, असे त्यांचे सूत्र होते. मराठी वाचकाला मात्र या वादाची सुरुवात १९५५ पासून करण्याची गरज नाही. आपल्याकडे तो १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर उभा राहिला होता. जोतीराव फुले यांनी त्या आयोगाला दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. वरच्या वर्गाला शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, या समजुतीवर त्यांनी टीका केली. रयतेच्या करातून जमलेला पैसा वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले अडाणीच राहतात, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. पुढे १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. या दोघांच्याही विचारात पालकाच्या इच्छेपेक्षा मुलाचा हक्क मोठा होता आणि तो हक्क पुरवण्याची जबाबदारी राज्याची होती. ज्याच्या तीन पिढ्यांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर उभे केले गेले, त्याला 'तुम्ही निवडा' असे सांगणे किती पोकळ आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आता प्रतिपक्षाची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडली पाहिजे. सरकारी शाळेत शिक्षक असतो, पण त्याला उत्तरदायित्व नसते, हा पहिला आक्षेप. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या पटपडताळणीत कागदावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले मोठ्या संख्येने उघडकीला आली, हे आपण विसरू शकत नाही. दुसरा आक्षेप असा की, श्रीमंताला निवड असतेच. तो घर बदलतो, शुल्क भरतो, ओळखी वापरतो. मग गरिबालाच ती का नाकारायची? तिसरा आक्षेप खर्चाचा. सरकारी शाळेत दर मुलामागे जेवढा खर्च होतो, त्याच्या लहानशा हिश्शात खासगी शाळा मूल शिकवून दाखवते. हे तिन्ही आक्षेप खरे आहेत, किंवा निदान त्यांत खऱ्याचा अंश मोठा आहे. सार्वजनिक शाळेच्या बाजूने बोलणाऱ्याने ते झटकून टाकले, तर त्याच्या बोलण्याला भावविवशतेपलीकडे काही मोल राहत नाही.

पण रोगाचे निदान बरोबर असले म्हणून सुचवलेले औषधही बरोबर ठरते असे नाही. हे औषध एका अख्ख्या देशाने घेऊन पाहिले आहे. चिलीमध्ये लष्करी राजवटीत, १९८१ मध्ये, मुलामागे अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. मूल ज्या शाळेत जाईल तिथे पैसा जाणार; शाळा नगरपालिकेची असो वा खासगी. तेव्हा तेथील तीन चतुर्थांशांहून अधिक मुले सरकारी शाळांत होती. पुढच्या तीन दशकांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली आले. या काळात शिक्षणाचा सरासरी दर्जा या योजनेमुळे उंचावला असेल, तर त्याचा पुरावा हाती लागायला हवा होता. अर्थशास्त्रज्ञ चांग-ताई शिये आणि मिगेल उर्कियोला यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तसा पुरावा मिळाला नाही. मिळाला तो विभागणीचा: बऱ्या परिस्थितीतली मुले खासगी शाळांकडे सरकली आणि उरलेली मागे राहिली. कारण उघड होते. खासगी शाळा मुलाखती घेत, आधीचे गुण पाहत, अनुदानाच्या वर शुल्कही घेत. त्यांना मूल अधिक चांगले शिकवून स्पर्धा जिंकण्याची गरजच नव्हती; अधिक चांगले मूल निवडले की काम भागत होते. २००६ आणि २०११ मध्ये त्या देशातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि २०१५ मध्ये तिथल्या संसदेने अनुदानित शाळांतील नफा, वरचे शुल्क आणि विद्यार्थी पारखून घेण्याची पद्धत या तिन्ही गोष्टी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा केला. ज्या देशाने प्रयोग सर्वांत दूरवर नेला, त्यानेच चौतीस वर्षांनी त्याचा गाभा मागे घेतला. आपल्याकडे त्या प्रयोगाचा पूर्वार्ध आवर्जून सांगितला जातो. उत्तरार्ध सांगितला जात नाही.

आपल्या देशातलाही एक गंभीर प्रयोग आहे. तत्कालीन आंध्र प्रदेशातील १८० गावांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तो केला आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोडतीने निवडलेल्या मुलांना खासगी शाळेचे शुल्क मिळाले. चार वर्षांनी तेलुगू आणि गणित या विषयांत ही मुले आणि सरकारी शाळेतली त्यांच्यासारखीच मुले यांच्यात फरक दिसला नाही. हिंदीत मात्र खासगी शाळेतली मुले पुढे होती. त्या वयात सरकारी शाळेत हिंदी शिकवलीच जात नव्हती. खासगी शाळांनी तेलुगू-गणिताला कमी वेळ देऊनही हा परिणाम साधला आणि तोही सरकारी खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी खर्चात. निवडीचे समर्थक यावर बोट ठेवतात आणि ते गैर नाही. आमचे म्हणणे एवढेच की, या अभ्यासाची उरलेली पानेही वाचावीत. खर्चातली ही बचत येते ती मुख्यत्वे शिक्षकाच्या पगारातून. माध्यम बदलून इंग्रजीत गेलेल्या मुलांना गणितासारख्या विषयांत तोटा झाल्याचे संकेतही त्यातच आहेत. म्हणजे खासगी शाळेची जादू म्हणून जे सांगितले जाते, त्याचे दोन घटक असे: तुटपुंज्या वेतनावर राबणारा शिक्षक आणि अधिक नियमित भरणारा वर्ग. पैकी दुसरा घटक सरकारी शाळेत आणणे हेच तर सुधारणेचे काम आहे. पहिल्या घटकाला सुधारणा म्हणण्यास मात्र आमची तयारी नाही. महाराष्ट्राने २००० मध्ये 'शिक्षणसेवक' ही संज्ञा काढून प्राथमिक शिक्षकाला दरमहा तीन हजारांवर तीन वर्षे राबवले. त्या 'सेवे'तून शाळा सुधारल्या असत्या, तर आज या विषयावर लिहिण्याची वेळच आली नसती.

महाराष्ट्रातल्या निवडीची कथा मात्र यापेक्षा वेगळी आणि अधिक बोलकी आहे. शिक्षणहक्क कायद्याने, २००९ मध्ये, खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पायरीवरच्या पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. अल्पसंख्याकांच्या शाळांना पुढे २०१४ च्या निकालाने या कायद्यातून वगळण्यात आले. हीदेखील एका अर्थाने शाळा-निवडच होती, आणि गरिबांनी ती उचलून धरली. २०२३-२४ या वर्षी राज्यात सुमारे एक लाख जागांसाठी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे तीनांतली दोन मुले सोडतीत गळाली. ज्याला आपण निवड म्हणतो ती त्यांच्यासाठी चिठ्ठी होती. तरीही ती त्यांना हवी होती.

मग ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियम बदलले. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तिच्यावरचे पंचवीस टक्क्यांचे बंधन उठले. हा बदल म्हणजे निवडवादाची खरी परीक्षा होती. गरीब पालकांची निवड एका अधिसूचनेने काढून घेतली जात असताना, पालकांच्या स्वातंत्र्याचा जयघोष करणाऱ्यांनी आकाशपाताळ एक करायला हवे होते. बाजारपेठेच्या पंडितांकडून तसे काही आमच्या ऐकिवात आले नाही. लढले ते पालक, त्यांच्या संघटना आणि शिक्षणहक्काचे कार्यकर्ते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्या अधिसूचनेमागचा तर्क मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. गरिबाच्या मुलाने जवळच्या सरकारी शाळेत जावे, हे शासनाला मान्य होते. श्रीमंताच्या मुलाने जावे, असे कोणी सुचवलेही नाही. जवळची शाळा हे तत्त्व कोठारी आयोगाने १९६६ मध्ये मांडले होते ते सर्वांसाठी. समाजातील सर्व थरांतली मुले एकाच परिसरशाळेत बसावीत, अशी ती कल्पना होती. तिचा अर्धा भाग कापून उरलेला अर्धा केवळ गरिबांना लागू करणे, हे समान शाळेच्या विचाराचे विडंबन आहे.

आणि ती जवळची शाळा तरी शिल्लक राहणार आहे का? सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले. वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे पंधरा हजार शाळा त्या वेळी राज्यात होत्या. त्या एकत्र करून मोठ्या शाळा उभाराव्यात, मुलांना वाहनाने आणावे, मुलांना मोठ्या गटात शिकण्याचा लाभ व्हावा, असे त्याचे समर्थन होते. कागदावर यात चुकीचे फारसे काही नाही. परंतु या शाळा कुठे आहेत ते पाहावे. डोंगरकुशीतल्या वाड्या, आदिवासी पाडे, कोकणातल्या विखुरलेल्या वस्त्या, ऊसतोडीला निम्मे गाव रिकामे होणारे तालुके. तिथे वाहन पावसाळ्यात पोहोचत नाही आणि नऊ वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून पाठवण्याऐवजी तिची आई तिला घरी ठेवते. अशा मुलीच्या बाबतीत शाळा बंद होणे आणि शिक्षण बंद होणे यांत अंतर उरत नाही. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी हे अंतर कायद्याने उगाच ठरवलेले नाही. ते लहान मुलाच्या पायांनी मोजलेले अंतर आहे.

पट कमी झाला म्हणून शाळा नको, असे सांगणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे: पट कमी कशाने झाला? या शतकाच्या आरंभी राज्याने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण अंगीकारले. त्यातला 'कायम' हा शब्द काढायला २००९ उजाडावे लागले, आणि त्यानंतरही टप्प्याटप्प्याच्या अनुदानासाठी शिक्षकांना आझाद मैदानावर वारंवार बसावे लागले. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा २०१२ चा. त्याने शुल्कावर चालणाऱ्या शाळांचा मार्ग सुकर केला. त्याच सुमारास शिक्षकभरती थांबली ती कित्येक वर्षे जवळपास थांबलेलीच राहिली. उरलेल्या शिक्षकांकडे मतदारयाद्या आणि नाना तऱ्हेची सर्वेक्षणे. शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण एवढीच अपवादात्मक कामे शिक्षकाला देता येतात. पण माहिती भरण्याचे काम हे काम नव्हेच, असे समजण्याची प्रथा पडली आहे. दोन शिक्षक, चार इयत्ता, त्यातला एक तालुक्याला गेलेला. अशा शाळेतून पालकाने मूल काढले, तर त्याला 'निवड' म्हणायचे की 'पलायन'? आधी विहिरीत माती टाकायची आणि मग गावकरी टँकरचे पाणी पसंत करतात असा निष्कर्ष काढायचा, यातला हा प्रकार आहे.

पालकांच्या पसंतीचे खरे स्वरूप कोरोनाकाळाने उघड केले. 'असर' अहवालांनुसार ग्रामीण भारतात सहा ते चौदा वयोगटातील सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते, ते २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. चार वर्षांत सरकारी शाळा एकदम उत्तम झाल्या आणि पुढच्या दोन वर्षांत पुन्हा बिघडल्या, असे कोणी म्हणणार नाही. टाळेबंदीत रोजगार बुडाला, लहान खासगी शाळा बंद पडल्या, तेव्हा मुले सरकारी शाळेत आली. हातात पैसा खेळू लागला तेव्हा परत गेली. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, आपल्याकडे पालकांची निवड शाळेच्या गुणवत्तेपेक्षा घराच्या मिळकतीमागून चालते. दुसरी, बाजार कोसळतो त्या दिवशी मुलाला दार उघडे असते ते सार्वजनिक शाळेचेच. तेही बंद करून ठेवले असेल, तर पुढच्या संकटात ही मुले कुठे जातील, याचे उत्तर निवडवाद्यांच्या कोणत्याही आकृतीत सापडत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमची सार्वजनिक शाळा म्हणजे शेवटी मराठी शाळा. आणि मराठीच्या अभिमानाचे ओझे गरिबाच्या, दलिताच्या, आदिवासीच्या मुलाने का वाहावे? वरच्या थरातील घरे दोन पिढ्यांपूर्वीच इंग्रजीकडे गेली. आता खालच्या थराने तोच जिना चढायला घेतला, तर जिन्याखाली उभे राहून मातृभाषेचे गोडवे गाणे हा कावा नव्हे काय? या आक्षेपातला संताप न्याय्य आहे. मातृभाषेतून शिकण्याचे शैक्षणिक लाभ कितीही खरे असले, तरी जो ते लाभ स्वतःच्या घरी नाकारतो त्याच्या तोंडून ते ऐकणे कुणालाही अपमानास्पदच वाटेल. म्हणून आमचा युक्तिवाद अभिमानाचा नाही. इंग्रजी हा या मुलांचा हक्क आहे. राज्याने २००० मध्येच पहिलीपासून इंग्रजी विषय आणला. पण तो शिकवू शकणारा शिक्षक घडवला नाही. परिणामी इंग्रजी येण्याचा एकच मार्ग पालकाला दिसतो, तो इंग्रजी माध्यमाचा. तिथे मुलाला इंग्रजी येतेच असे नाही. न कळणाऱ्या भाषेत पाठ केलेली उत्तरे आणि घरातल्या भाषेत न आलेले वाचन, अशा दुहेरी तोट्यासह ही मुले पुढे आमच्या महाविद्यालयांच्या प्रथम वर्षाला येतात. त्यांना मराठीत परिच्छेद लिहिता येत नाही आणि इंग्रजीतही येत नाही. ही भाषाहीनता त्यांनी निवडलेली नाही. ती त्यांना विकली गेली आहे, आणि तिची किंमत त्यांच्या आईबापांनी पोटाला चिमटा काढून मोजली आहे.

मुंबई महापालिकेने अलीकडच्या वर्षांत केंद्रीय व अन्य मंडळांच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढल्या आणि त्यांना प्रतिसादही मिळाला. काही ठिकाणी प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. यातून एक गोष्ट निर्विवाद ठरली: पालकांना 'सरकारी' या शब्दाचे वावडे नाही. पालिकेची शाळा नीट चालते असा विश्वास वाटला, तर ते रांगेत उभे राहतात. निवडवादाचा पायाच यामुळे खचतो. पण त्याच वेळी पालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडत गेले, आणि 'चांगली सरकारी शाळा' म्हणजे 'मराठी नसलेली सरकारी शाळा' असे समीकरण खुद्द प्रशासनानेच रूढ केले. जो निधी, जी डागडुजी, जे लक्ष त्या नव्या शाळांना मिळाले, ते शेजारच्या मराठी शाळेला मिळाले असते तर काय झाले असते, हा प्रयोग कोणी करूनच पाहिला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचे सोहळे झाले. अभिजात भाषेच्या पहिलीच्या वर्गात किती मुले बसतात, हा प्रश्न त्या सोहळ्यांत विचारला गेला नाही.

आता आमच्या, म्हणजे साहित्याच्या अध्यापकवर्गाकडे वळू. मराठीच्या प्राध्यापकांची मुले कोणत्या शाळेत जातात, हा प्रश्न प्रत्येक परिसंवादात मागच्या रांगेतून येतो आणि टाळ्या मिळवतो. प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिथेच थांबतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये उत्तर प्रदेशातील सरकारी सेवकांनी व लोकप्रतिनिधींनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत असा आदेश दिला होता. त्याची अंमलबजावणी झाली नाही. त्या आदेशामागची जाण मात्र अचूक होती. ज्यांचा आवाज ऐकला जातो त्यांची मुले जोवर एखाद्या शाळेत असतात, तोवर त्या शाळेचे गळके छप्पर दुरुस्त होते. ती मुले निघून गेली की तक्रार करणारे उरतात ते असे पालक, ज्यांचा अर्ज टपालातच राहतो. म्हणजे निवडीचा सर्वांत मोठा तोटा गेलेल्या मुलांना होत नाही, मागे राहिलेल्यांना होतो. शाळेतून मुलाबरोबर तिचा बोलका पालकही निघून जातो. म्हणून हा प्रश्न एखाद्या प्राध्यापकाच्या दांभिकतेपुरता ठेवणे सोयीचे असले, तरी अपुरे आहे. लाखो घरांनी आपापल्या परीने शहाणपणाचा निर्णय घ्यावा आणि त्यातून सर्वांचे नुकसान व्हावे, अशी ही रचना आहे. ती एकेका घराच्या नीतीने बदलत नाही, धोरणाने बदलते.

यात आमचा स्वार्थ आहे काय? आहे. मराठी शाळेचा पट घटला की दहा-पंधरा वर्षांनी मराठी विभागाचा कार्यभार घटतो. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जात नाहीत, तासिका तत्त्वावरचे तरुण सहकारी महिन्यांनंतर मिळणाऱ्या मानधनावर नेट-सेटची प्रमाणपत्रे घेऊन उभे असतात, आणि विशेष स्तरावर मराठी घेणारी मुले प्रामुख्याने जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेली असतात. त्या शाळा गेल्या की आमच्या कवितेच्या तासाला कोण बसणार? वाचक आकाशातून पडत नाही. तो चौथीच्या वर्गात, बालभारतीच्या पुस्तकावर, एका बऱ्या शिक्षकाच्या हाताखाली तयार होतो. आपल्या साहित्यव्यवहाराने या वर्गाकडे कधी ढुंकून पाहिले आहे? आम्ही वाङ्मयीन वादांवर शेकडो पाने लिहितो. प्राथमिकच्या पाठ्यपुस्तकावर साक्षेपी परीक्षण क्वचितच लिहिले जाते. संमेलनांत मराठीच्या भवितव्याचे ठराव होतात. समूह शाळांच्या प्रस्तावावर किती साहित्यसंस्थांनी हरकत नोंदवली?

मग करायचे काय? सुधारणेच्या मागण्या नव्या नाहीत, पण त्या निवडीच्या गलबल्यात ऐकू येत नाहीत म्हणून पुन्हा सांगितल्या पाहिजेत. पट हा शाळा बंद करण्याचा निकष असू नये. अंतर आणि वाट हा असावा. रिक्त जागा भराव्यात आणि शिक्षकाला वर्गात राहू द्यावे. मराठी शाळेत इंग्रजी उत्तम शिकवणारा स्वतंत्र शिक्षक असावा, म्हणजे भाषेसाठी माध्यम बदलण्याची गरजच उरणार नाही. पंचवीस टक्क्यांची तरतूद टिकवावी, शाळांना परतावा वेळेवर द्यावा आणि मुलाखती घेऊन मुले पारखण्यास जी बंदी कायद्यात आहे ती प्रत्यक्षात आणावी. निवडण्याचा अधिकार शाळेच्या हातून काढला की मगच पालकाच्या निवडीला अर्थ येतो. शाळा व्यवस्थापन समिती कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत आहे. तिच्या बैठकीचे इतिवृत्त बहुधा आधीच लिहून ठेवलेले असते. तिथे सही करणाऱ्या आईला प्रश्न विचारण्याचे बळ देणे, हे काम कोणत्याही व्हाउचरपेक्षा अधिक परिणामकारक ठरेल. उत्तरदायित्व हवे ना? ते शाळा सोडून जाणाऱ्यांच्या भीतीतून येते तसेच शाळेत राहून जाब विचारणाऱ्यांच्या चिकाटीतूनही येते. बाजाराला पहिलाच मार्ग माहीत असतो. लोकशाहीला दुसरा माहीत असायला हवा.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना आमची विनंती आहे की, 'निवड', 'गुणवत्ता', 'समायोजन', 'कमी पट' हे शब्द शासननिर्णयांत कसे वापरले जातात ते एखादी कविता वाचावी तितक्या बारकाईने वाचावे. 'समायोजन' म्हणजे शाळा बंद करणे, 'कमी पट' म्हणजे दुर्लक्षित वस्ती, 'स्वयंअर्थसहाय्य' म्हणजे पालकाचा खिसा, हे अर्थ उलगडून सांगण्याचे प्रशिक्षण आपल्याइतके कोणाला मिळालेले नाही. आपल्या तालुक्यातली कोणती शाळा या वर्षी यादीत आहे, याची चौकशी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात करता येते. ती करावी, आणि जे कळेल ते लिहावे.